दक्षिण दिशेने कुणाचे काय बिघडवले?

सेलूत गेल्या काही वर्षांत शेतजमिनी बिगरशेती होऊन प्लॉट पडत आहेत. प्लॉट विकणारा आधी दिशा सांगतो, मग भाव. पूर्वमुखी आणि उत्तरमुखी प्लॉटला भाव जास्त. दक्षिणमुखी प्लॉट शेवटपर्यंत पडून राहतो आणि तडजोडीत निघतो. बाजार आहे, चालायचेच, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण अलीकडे आपल्याच समाजातील नोकरीला लागलेली, कर्ज काढून पहिले पक्के घर बांधणारी तरुण पोरे आम्हाला विचारतात, "दादा, दक्षिणेचा दरवाजा चालतो का?" घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जाणे आहे, आणि तरीही दक्षिण दिशेची भीती आहे. म्हणून या दिशेचा हिशोब एकदा मांडला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सुरुवात थोडी दुरून करू. चीनमध्ये घर कसे बांधावे, याचेही जुने शास्त्र आहे. त्याला फेंगशुई म्हणतात. शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी. बीजिंगकडची जुनी घरे चौकाभोवती चार बाजूंनी बांधलेली असतात, आपल्या वाड्यासारखी. त्यातले सर्वांत मानाचे दालन उत्तरेला असते आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे असते. घरातील वडीलधारी माणसे तिथे राहतात. चीनच्या सम्राटाचे सिंहासनसुद्धा दक्षिणाभिमुख होते. कारण साधे आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून हाडे गोठवणारा वारा येतो. म्हणून उत्तरेला भिंत आणि दक्षिणेला ऊन. त्या गरजेवर पुढे शुभाशुभाचा मुलामा चढला आणि दक्षिण ही तिथली सर्वांत शुभ दिशा ठरली.

आता आपल्याकडे या. इथल्या वास्तुशास्त्रात दक्षिण ही यमाची दिशा, मृत्यूची दिशा. म्हणजे एक शास्त्र ज्या दिशेला सिंहासन मांडते, दुसरे शास्त्र त्याच दिशेला मरण बसवते. दोन्ही शास्त्रे खरी असतील, तर हिमालय ओलांडला की दिशेचा गुण बदलतो असे म्हणावे लागेल. गंमत अशी की आपल्या शहरांतील दुकानांत दोन्ही माल एकाच कपाटात विकायला असतो. वरच्या फळीवर वास्तुदोष घालवणारे पिरॅमिड आणि खालच्या फळीवर फेंगशुईचा बेडूक. घेणारा दोन्ही घेतो. दोन्ही विकणाऱ्याला मात्र यातला विरोध ठाऊक असतो आणि नफाही ठाऊक असतो.

पण आमचा मुद्दा केवळ अंधश्रद्धेचा नाही. तेवढाच असता तर चार विनोद करून थांबता आले असते. दक्षिण दिशेचा आपल्या माणसांशी फार जुना संबंध आहे. बाबासाहेबांनी हिंदू गावाची आचारसंहिता लिहून ठेवली आहे. अस्पृश्यांनी काय केले म्हणजे गुन्हा ठरतो, याची ती यादी आहे. त्यात ते नोंदवतात की अस्पृश्यांची वस्ती हिंदूंच्या वस्तीपासून वेगळी हवी आणि ती दक्षिणेला हवी, कारण चार दिशांत दक्षिण सर्वांत अशुभ. त्याच यादीत अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हाही गुन्हा आहे. प्रत्यक्षात काही गावांत महारवाडा पूर्वेलाही असतो, उतार आणि पाण्याप्रमाणे जागा बदलते. पण तत्त्व बदलत नाही. अशुभ दिशा आधी ठरली आणि तिथे माणसे नेऊन ठेवली, की माणसे आधी अशुभ ठरली आणि त्यांच्यामुळे दिशा बदनाम झाली, हा वाद विद्वानांनी घालावा. आमच्यासाठी निष्कर्ष एकच आहे. "दक्षिण वाईट" हे वाक्य ज्या तोंडातून येते, त्याच तोंडातून "तुम्ही तिकडेच राहा" हे वाक्य आलेले आहे.

कुणी म्हणेल, वास्तुशास्त्रात जात कुठे आहे? ते तर ऊन-वाऱ्याचे विज्ञान आहे. अशांनी मूळ ग्रंथ उघडावेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात चार वर्णांच्या घरांची रुंदी दिली आहे. ब्राह्मणाच्या घरासाठी ३२ हातांपासून सुरुवात, पुढे प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी. क्षत्रियाला २८, वैश्याला २४, शूद्राला २०, आणि १६ ही शेवटची मर्यादा. जे याही खाली, अतिहीन, त्यांचे घर त्याहून लहान. मातीचाही वर्ण ठरला आहे. पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. मातीचा वाससुद्धा वाटून दिला आहे. तुपासारखा वास ब्राह्मणाच्या मातीला आणि दारूसारखा वास शूद्राच्या मातीला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या चार बाजू चार वर्णांना वाटल्या आहेत आणि पाखंडी व चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांना गावाबाहेर ठेवतो आणि त्यांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवे असे सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले, त्यात आपल्या घराचा हा नकाशाही होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आता हे शास्त्र सेलूच्या मातीवर लावून पाहू. सेलू, मानवत, परभणी, हा सगळा कापसाचा पट्टा. माती काळी, भारी. बृहत्संहितेच्या हिशोबाने इथे बांधलेला प्रत्येक वाडा, प्रत्येक देऊळ, प्रत्येक बंगला शूद्राच्या जमिनीवर उभा आहे. पण एकाही वास्तुतज्ज्ञाने एखाद्या सावकाराला "ही माती तुमच्या वर्णाची नाही, कोकणात जा" असे सांगितल्याचे आम्ही ऐकले नाही. शास्त्राचा जो भाग बलवानाला अडचणीचा ठरतो तो गुपचूप गळून पडतो. दुर्बळाला दाबणारा भाग मात्र हजार वर्षे टिकतो. काळ्या मातीबद्दल खरी माहिती हवी असेल तर ती गवंड्याकडे मिळते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीला तडा जातो. त्या तड्याला वास्तुदोष म्हणून शांती करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तडा शांतीने बुजत नाही.

आपल्या जुन्या गावगाड्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द होते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, गावठाण. गावातली जुनी घरे माळवदाची. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर लाकडाचे आच्छादन आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकून ते नीट करावे लागे. घराचे माप खणांत. किती खणांचे माळवद, यावरून माणसाची ऐपत कळे. मे महिन्यात बाहेर अंग भाजत असताना माळवदाच्या घरात गारवा असतो, हे खरे आहे. हे ज्ञान आहे आणि त्याचा आदर केलाच पाहिजे. पण हे ज्ञान कुणाचे? दगड फोडला वडारांनी, लाकूड घडवले सुतारांनी, माती खांद्यावर वाहिली आपल्या आजा-पणज्यांनी. भिंत किती जाड ठेवली म्हणजे ऊन आत येत नाही, हे हातांनी शिकलेले शास्त्र आहे. पोथीवाल्याने यात भर घातली ती मुहूर्ताची आणि दक्षिणेची. आज वास्तुशास्त्राला विज्ञान म्हणून खपवताना कारागिराचे ज्ञान पुढे केले जाते आणि दक्षिणा मात्र पोथीवाल्याच्या खिशात जाते.

मोठ्या वाड्याची रचना बारकाईने पाहिली तर ती शिडीसारखी आहे. आधी गावाची वेस, मग गल्ली, मग वाड्याचा दरवाजा, ढेळज, चौक, ओसरी, माजघर आणि सर्वांत आत देवघर व स्वयंपाकघर. कोणत्या माणसाने कुठवर यायचे, हे प्रत्येक उंबऱ्यावर ठरलेले. कुणबी ओसरीपर्यंत, बलुतेदार ढेळजेपर्यंत. घरातली बाई विटाळशी असेल तर तीही कडेला. आपला माणूस ढेळजेच्याही बाहेर. आमची आजी येसकर पाळीच्या आठवणी सांगायची. दाराशी उभे राहून आवाज द्यायचा आणि वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. येसकराचे काम वेशीची राखण करण्याचे. ज्या वेशीचे राखण त्याने करायचे, त्या वेशीच्या आत त्याला घर नाही. याहून मोठा वास्तुदोष आम्हाला माहीत नाही.

आणि आपले घर कसे होते? पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा, वर गवताचे छप्पर. कापूस सावकाराच्या घरी, पऱ्हाट्या आपल्या भिंतीला. दरवाजा इतका बुटका की वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. कौलारू घर गुन्हा होता, माळवदाची तर गोष्टच नको. म्हणून "दलितांची पारंपरिक घरे" असे कौतुकाने म्हणणाऱ्या वास्तुकलेच्या अभ्यासकांना आमची विनंती आहे. ती आमची शैली नव्हती, ती आमच्यावरची बंदी होती.

चीनमध्ये सगळे आलबेल होते, असेही कुणी समजू नये. चौकाच्या घरात तिथेही शिडी होती. उत्तरेला वडीलधारे, बाजूला मुले, दाराजवळच्या थंड खोल्यांत नोकर. मिंग राजवटीत सामान्य रयतेच्या घराला तीन खणांपेक्षा जास्त रुंदीची परवानगी नव्हती आणि रंगीत नक्षीलाही मनाई होती. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर होडीत राहणारे तांका नावाचे लोक होते. त्यांना जमिनीवर घर बांधायला बंदी होती. १७२९ मध्ये सम्राट योंगझेंगने त्यांना किनाऱ्यावर राहण्याची परवानगी दिली, तरी अवहेलना पुढेही चालू राहिली. घर कुठे आणि केवढे बांधायचे यावर ताबा ठेवणे हे सत्तेचे जगभरचे हत्यार आहे. आपल्याकडे त्या हत्याराला धर्माची धार लावली, एवढाच फरक. पण तो एवढासा फरक नाही. चीनमधले सम्राटांचे नियम सम्राटांबरोबर गेले. गावकुसाचा नियम राज्ये बदलली, निजाम गेला, १७ सप्टेंबर १९४८ उजाडला, तरी गेला नाही.

त्याच चीनमध्ये हक्का लोकांची घरे पाहण्यासारखी आहेत. हक्का या शब्दाचा अर्थ पाहुणे. उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले, म्हणून स्थानिकांच्या लेखी परके. फुजियान प्रांतात त्यांनी मातीच्या प्रचंड जाड भिंतींची मोठी गोल घरे बांधली, ज्यांना तुलोऊ म्हणतात. एकेका घरात अनेक कुटुंबे. २००८ साली अशा ४६ वास्तूंचा जागतिक वारशात समावेश झाला. अनेक गोल घरांत प्रत्येक कुटुंबाला तळापासून वरपर्यंत एक उभा भाग मिळतो. खाली चूल, वर धान्य, त्यावर झोपण्याच्या खोल्या. खोल्या सारख्या मापाच्या. गोलाला कोपरा नाही, त्यामुळे मानाचा कोपराही नाही. ही घरे एका कुळाची होती आणि बायकांना तिथेही बरोबरी नव्हती, हे मान्य. तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्यांना परके ठरवले, त्यांनी ठरवणाऱ्याच्या नकाशात जागा मागत बसण्याऐवजी स्वतःचा नकाशा काढला.

आपल्याला स्वतःचा नकाशा काढू दिला का? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे शहीद झाले. ठराव विद्यापीठाचा होता, मग घरे का जाळली? कारण घर हीच आपली जागा दाखवून देण्याची जुनी खूण होती. वस्ती वेगळी असली की नेमकी तीच जाळता येते. गावकूस ही फक्त अपमानाची रेषा नाही, निशाणा धरण्याची रेषाही आहे.

आता कुणी म्हणेल, हे जुने झाले, आज सरकार घरे देते. देते, आणि ती घ्यायचीच आहेत, तो आपला हक्क आहे. पण सरकारी फूटपट्टीही तपासू. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे माळवदाच्या ढिगाऱ्याखाली मेली. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसवली. मातीत मिळालेले गाव नव्याने मांडण्याची एवढी संधी कधी आली नव्हती. तेव्हा घरांचे माप कसे ठरले? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्यांना ७५०. कागदावर जातीचा उल्लेख नाही. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि सात हेक्टरांचा धनी कोण, हे शाळकरी पोरही सांगेल. वराहमिहिराने वर्ण विचारून हात कमी केले, शासनाने सातबारा विचारून फूट कमी केले. भूकंपाने सगळ्यांना सारखेच बेघर केले होते. असमानता पुन्हा बांधून काढली ती नकाशाने.

रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे. त्यासाठी जागा स्वतःच्या नावावर हवी. जागा कुठली? पिढ्यान् पिढ्या गायरानावर राहिलेल्या माणसाकडे कागद नाही. भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासनाचा निर्णय आहे, तरी किती जणांच्या हातात आज पक्का उतारा आहे, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीत मोजावे. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याच्या जागी समतानगर, भीमनगर अशा पाट्या लागल्या. स्वागतच आहे. पण पाटी बदलली तरी वस्ती तिथेच आहे, उताराला आहे, आणि गावातल्या गटाराचे तोंड अजूनही तिच्याकडेच आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, दक्षिणेचा दरवाजा चालतो का, हा प्रश्नच आपला नाही. आमचे घर दक्षिणमुखी आहे. प्लॉट स्वस्तात मिळाला, कारण शेजाऱ्यांच्या भीतीने त्याचा भाव पाडला होता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ओसरीत ऊन येते आणि म्हातारी माणसे तिथे बसतात. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे हातभर सज्जाने दक्षिणेची भिंत सावलीत राहते. आमच्या भागात खरी तापते ती पश्चिमेची भिंत. तिथे झाड लावा, भिंत जाड घ्या. एवढे वास्तुशास्त्र पुरे आहे आणि त्याला दक्षिणा लागत नाही.

ज्यांना धम्माचा आधार हवा त्यांनी दीघनिकायातले ब्रह्मजाल सुत्त वाचावे. भिक्खूंनी ज्या हीन विद्यांवर पोट भरू नये असे भगवान बुद्ध सांगतात, त्या यादीत वत्थुविज्जा आहे. वत्थुविज्जा म्हणजे हीच वास्तुविद्या. तिथी, नक्षत्र, हस्तरेषा यांच्याच रांगेत तिला बसवले आहे. तेव्हा बुद्धमूर्तीसमोर उभे राहून दरवाजाची दिशा विचारणे हा त्या मूर्तीचाच अवमान आहे. आणखी एक. दिशा बघून कपाटावर ठेवलेला तो पोट सुटलेला, हसरा "लाफिंग बुद्धा" म्हणजे सिद्धार्थ गौतम नव्हेत. तो चीनमधला बुदाई नावाचा, दहाव्या शतकाच्या आसपासचा भिक्खू. लोककथेने त्याला धनलाभाचे खेळणे केले. नावात बुद्ध आहे म्हणून आपण फसू नये. आणि वास्तुशांतीला ब्राह्मण बोलावणाऱ्यांनी २२ प्रतिज्ञा पुन्हा एकदा मोठ्याने वाचाव्यात.

बाबासाहेबांनाही घर नाकारले गेले होते. १९१७ साली बडोद्यात परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या दाखवून बाहेर काढले गेले. पुढे याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. गावकुसाबाहेर नाही, वस्तीच्या मधोमध. त्याचे नाव ठेवले राजगृह, मगधाच्या प्राचीन राजधानीचे. आणि घर बांधताना विचार केला तो पुस्तकांचा. हजारो ग्रंथ कुठे मावतील, हा त्या घराचा मुख्य प्रश्न होता. आपल्या इतिहासात घराचा खरा आदर्श कुठला असेल तर तो हा आहे.

तेव्हा घर बांधताना चार गोष्टी विचारा. उतारा कुणाच्या नावावर आहे, आणि त्यात घरातल्या बाईचे नाव आहे का? प्लॉट सगळ्या जातींच्या मधोमध आहे, की पुन्हा एकदा आपल्याला कडेला ढकलले आहे? पाणी, गटार आणि रस्ता दारापर्यंत येतो का? आणि पोरांनी बसून वाचावे असा एक कोपरा त्यात आहे का? या चारांची उत्तरे बरोबर असतील तर दरवाजा खुशाल दक्षिणेला ठेवा. ज्या दिशेला आपल्याला शिक्षा म्हणून बसवले, त्या दिशेला ताठ मानेने आत जाता येईल एवढी उंच चौकट लावा.

जय भीम!